अर्धा साबण

रोल नंबर १०७ने पत्र पुढे केलं आणि तो निकाल ऐकायला आल्यासारखा उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "बस." बसायला जागा नव्हती. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सकाळी पावणेबाराला बसायला जागा कधीच नसते. शेवटी एका टेबलावर समोसे खाणाऱ्या तिघांनी थोडं सरकून घेतलं, आणि समोसा, चटणी, तीन अनोळखी कोपरं यांच्या साक्षीने व्यक्तिगत मार्गदर्शनाला सुरुवात झाली.

कॉलेज घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातलं. मॅडम एफवायबीकॉमला बिझनेस कम्युनिकेशन शिकवत. या विषयाचं मुलांनी केलेलं दोन अक्षरी लघुरूप हिंदीतल्या एका शिवीशी तंतोतंत जुळत असल्यामुळे तो विषय, निदान उच्चारापुरता, कमालीचा लोकप्रिय होता. तुकडी १२०ची. त्यातले ३४ जण मॅडमच्या वाट्याला 'मेंटी' म्हणून आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९च्या 'दीक्षारंभ' मार्गदर्शिकेत एका शिक्षकामागे वीसेक नव्या मुलांचा गट असावा असं म्हटलंय. पण मार्गदर्शिका दिल्लीत लिहिल्या जातात आणि अ‍ॅडमिशन मुलुंडात होतात.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे सीएचबी. वर्गात उभं राहिलेल्या तासाचे पैसे मिळतात, कॅन्टीनमध्ये बसलेल्या तासाचे मिळत नाहीत. तरीही मेंटॉरिंग झालं पाहिजे, कारण बंगळुरूला १९९४पासून नॅक नावाची संस्था आहे, ती तेव्हा कॉलेजांना श्रेणी देई, आणि तिच्या दुसऱ्या निकषात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हा आकडा विचारलेला असे. म्हणून फाईल होती. फायलीत प्रत्येक मुलामागे एक तक्ता: तारीख, 'प्रॉब्लेम आयडेंटिफाइड', 'अ‍ॅक्शन टेकन', सही. मुलं या सगळ्या प्रकाराला 'मेंटॉस' म्हणत. "मॅडम, आज मेंटॉस आहे का?"

तर आज होतं. पत्र ग्राहकाच्या तक्रारीचं. इंग्रजीत होतं, पण त्याचा पोशाख मराठीत उतरवला तर साधारण असा दिसला असता: आपल्या प्रतिष्ठित आस्थापनेकडून दि. अमुक रोजी खरेदी केलेली सदर वस्तू अपेक्षेनुरूप नसल्याचे आढळून आल्याने आम्हांस तीव्र खेद होत आहे, तरी आपण कृपाळू होऊन योग्य ती कार्यवाही करावी.

"हे खरंच झालंय की गाइडमधलं?" मॅडमनी विचारलं.

"खरंच ना मॅडम. इयरबड्स मागवले होते. ऑनलाइन. चौदाशेचे."

"मग?"

"बॉक्स उघडला तर आत भांडी घासायचा साबण." आता त्याचा आवाज सुटला. "आणि पूर्ण पण नाही, मॅडम. अर्धा. वापरलेला. त्याला काथ्या चिकटलेला."

समोसे थांबले.

"हे पत्रात कुठंय?"

त्याने कागदावर बोट फिरवलं आणि 'सदर वस्तू'वर ठेवलं.

"'सदर वस्तू' म्हणजे साबण?"

"हो."

"आणि अर्धा?"

"ते 'अपेक्षेनुरूप नाही'मध्ये आलं ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. लाल पेनाचं या पत्रात काहीच काम नव्हतं. दोन आर्टिकलं चुकली होती, एक स्पेलिंग, बस. पाचपैकी साडेतीन गुण सहज पडले असते. पण अख्ख्या पत्रात साबण नव्हता.

"साबण लिहायचा?" तो खरोखर दचकला. "लेटरमध्ये? मॅडम, कसं वाटेल ते!"

हे 'कसं वाटेल ते' मॅडम गेली सहा वर्षं ऐकत होत्या. लोकलच्या दारात लटकून चार भाषांत भांडू शकणारी ही मुलं हातात पेन घेतलं की लगेच एकोणिसाव्या शतकातले कारकून होतात. तोंडी हकिकत सांगताना त्यांच्याकडे वास असतो, रंग असतो, काथ्या असतो. कागदावर आली की 'सदर' आणि 'उपरोक्त'. चारचौघांसमोर सांगायची गोष्ट आणि पेपरात लिहायची गोष्ट या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांचा रोटीव्यवहार नाही, असं त्यांना कुणीतरी फार लहानपणी शिकवलेलं असतं. बहुधा निबंधाच्या तासाला.

"साबण ठेवलायस ना? पुरावा म्हणून?"

"आईने वापरला. म्हणाली, फुकट कशाला घालवायचा."

"फोटो?"

फोटो होता. इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली होती. त्याने ती शोधून दाखवली. बॉक्समध्ये पोपटी साबण, आणि वर रोमन लिपीतल्या मराठीत लिहिलेलं: चौदाशेचा साबण, तोही अर्धा. त्या वर्षी त्या तुकडीत कुणी लिहिलेलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं आणि ते २४ तासांत नाहीसं होईल अशा ठिकाणी लिहिलं गेलं होतं.

पुढची वीस मिनिटं मॅडमनी फक्त प्रश्न विचारले. कधी आला? कुणी घेतला? सील होतं का? तो सांगत गेला आणि लिहीत गेला. मध्येच समोसेवाल्यांपैकी एकाने, आपण मेंटी नसूनही, "डिलिव्हरीवाल्याचं नाव टाक रे" अशी सूचना केली. ती चांगली असल्यामुळे घेतली गेली. मॅडमनी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दिला, आणि १९७५पासून आपल्याच उपनगरांत मुंबई ग्राहक पंचायत नावाची संस्था लोकांना नीट तक्रार करायला शिकवते हेही सांगितलं. "तक्रार करायला पण शिकावं लागतं?" असं त्याने विचारलं. आपण परीक्षेला तेच शिकतोय, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमच्याही तोवर इतकं स्पष्ट आलं नव्हतं.

नवशिक्या लेखकाला समोर बसवून शिकवायचं हे खूळ काही नवीन नाही. मराठी गद्याचं पहिलं 'मेंटॉस' मेजर थॉमस कँडी यांनी चालवलं म्हणायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकांची भाषांतरं तपासणं हे त्यांचं काम, १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश काढलेला, आणि १८५०मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तक लिहून त्यांनी मराठी माणसाला कुठे थांबायचं ते शिकवायचा प्रयत्न केला. मराठी माणूस थांबला नाही, हा भाग वेगळा.

दुसरं उदाहरण जास्त बोधप्रद आहे. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राजवटीची इंग्रजी राजवटीशी तुलना केली आणि पारडं मराठ्यांकडे झुकवलं. त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं की प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून घेतलं, जे सरकार शिकवतं त्यालाच नावं ठेवू नयेत असं समजावलं, आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. एकास एक मार्गदर्शनच ते. परिणाम मात्र उलटा झाला: रानड्यांनी १९००मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत आख्खं पुस्तकच काढलं.

आणखी एक योगायोग. १८७४च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, आणि पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवर लिहिला. त्याच वर्षी तिकडे हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घातला आणि पोरांना लिहिता येत नाही हे पाहून प्राध्यापक हादरले. अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा विषय आला तो त्या धक्क्यातून. पुढे शंभर वर्षांनी तिथे लेखनकेंद्रं भरभराटीला आली, आणि १९८४मध्ये स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकाने वैतागून एक लेख लिहिला. आशय असा की सहकारी लोक आपल्या केंद्राला पंक्चर काढायचं दुकान समजतात, पोराचा कागद पाठवतात आणि दुरुस्त होऊन यावा अशी अपेक्षा करतात. इथे काम कागदावर नाही, कागद आणणाऱ्यावर करायचं असतं. हा लेख आजही त्या क्षेत्रात पोथीसारखा वाचतात. नॉर्थसाहेबांच्या केंद्रात बसायला खुर्ची होती, एवढा फरक सोडला तर मॅडमना तो पटण्यासारखा आहे.

मॅडमच्या मेंटींपैकी कन्नमवार नगरातली एक मुलगी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन आली. ती मॅडमना 'मिस' म्हणे, म्हणजे कॉन्व्हेंटची. मुंबईत शिक्षिकेला मारलेल्या हाकेवरून शाळा ओळखता येते: 'बाई' म्हटलं तर पालिकेची किंवा जुनी मराठी, 'मिस' किंवा 'टीचर' म्हटलं तर कॉन्व्हेंट, आणि 'मॅडम' म्हणजे कॉलेजात येऊन सुधारलेले.

त्या काळी एफवायबीकॉमच्या दुसऱ्या सत्रात माहिती अधिकाराचं पत्र असे, आणि हा अभ्यासक्रमातला मॅडमचा सर्वांत लाडका भाग. कारण इथे शिस्त लावायचं काम सरकारच करतं. कायदा २००५चा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तर ३० दिवसांत. शिवाय २०१२मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम केला की अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. ज्या शासनाची स्वतःची परिपत्रकं पहिल्या पूर्णविरामापर्यंत पोचता पोचता पान उलटवतात, त्याने नागरिकाला दीडशे शब्दांत बसवावं, याला एक वेगळीच हिंमत लागते.

मुलीचा अर्ज ४१२ शब्दांचा होता. इमारतीसमोरचा रस्ता गणपतीच्या आधी खणला होता, तो फेब्रुवारी आला तरी तसाच. अर्जात आजीचं पडणं, रिक्षावाल्याचा नकार, पावसाळ्याची भीती आणि लोकशाहीचा अर्थ, सगळं आलं होतं. शेवटी पाच वेळा 'का'.

"तुला यातून नक्की काय हवंय?"

"मिस, मला रस्ता हवाय."

"रस्ता मिळणार नाही. कागद मिळेल. कुठला कागद मागायचा ते सांग."

तिला हे पटायला दहा मिनिटं लागली. 'का' विचारता येत नाही हे तर अजिबात पटेना. पण ते मॅडमचं मत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८मध्येच म्हटलंय की माहितीत 'का'चं उत्तर येत नाही. मग वर्क ऑर्डरची प्रत, कंत्राटदाराचं नाव, काम संपवायची तारीख, आतापर्यंत दिलेली रक्कम, एवढं एस वॉर्डाच्या कार्यालयाकडे मागायचं ठरलं. शब्द झाले ९६. आणि अर्ज का करताय हे सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, हे कळल्यावर तर ती गप्पच झाली. शाळेत एका दिवसाच्या सुट्टीसाठीही तापाचं कारण जोडायची सवय असलेल्या माणसाला कारणाशिवाय काही मागता येतं हे पचायला वेळ लागतो.

"आजीचं पडणं कुठे टाकू?" तिने जाताना विचारलं. त्यावर मॅडमकडे चांगलं उत्तर नव्हतं. त्यांनी 'वेगळं लिही' म्हटलं, आणि मुलीने ते लिहिलंही, दीड पान, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ती तिची आहे.

सगळेच मेंटी असे नव्हते. साल २०२३ होतं. चॅटजीपीटी आदल्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला जगात आलं होतं आणि फेब्रुवारीत मध्य रेल्वेवर पोचलं होतं. कल्याण फास्टपेक्षा वेळेवर. एका मुलाने आणलेलं नोकरीच्या अर्जाचं पत्र इतकं निर्दोष होतं की मॅडमना आधी स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, "यातलं तुझं काय आहे?" मुलाने पत्र वरून खालपर्यंत प्रामाणिकपणे वाचलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "सही."

त्याच्या तक्त्यात 'प्रॉब्लेम आयडेंटिफाइड' हा रकाना मॅडमनी कोरा ठेवला. तो प्रॉब्लेम त्या रकान्यात मावणारा नव्हता.

दोन आठवड्यांनी रोल नंबर १०७ जिन्यात भेटला. साबणासकट पत्र गेलं होतं, उत्तरही आलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला. कंपनीला झालेल्या गैरसोयीबद्दल तीव्र खेद होता, ग्राहक त्यांच्यासाठी मोलाचा होता, सदर वस्तूबाबत योग्य ती कार्यवाही सुरू होती.

"मॅडम," तो म्हणाला, "यांनी माझंच पहिलं लेटर मला परत पाठवलंय. यांना मेंटॉस पाहिजे."

पैसे परत आले, पण मार्च उजाडला, आणि मार्च म्हणजे फायली. नॅकचं काम बघणाऱ्या सरांनी ३४ तक्ते तपासले. बहुतेक ठिकाणी मॅडमनी रीतसर 'लॅक ऑफ कॉन्फिडन्स' आणि 'टाइम मॅनेजमेंट' लिहिलं होतं, कारण तेवढ्या रकान्यात तेवढंच बसतं. १०७च्या तक्त्यावर मात्र, त्या दिवशी बस पकडायच्या घाईत, 'प्रॉब्लेम'पुढे एकच शब्द पडला होता: साबण.

सरांनी काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉशरूममध्ये, जिथे सहा वर्षांत मॅडमनी नळाशिवाय काही पाहिलं नव्हतं, तिथे कोरी करकरीत पिवळी वडी ठेवलेली होती. १०७च्या तक्त्यावर 'अ‍ॅक्शन टेकन'पुढे सरांच्या अक्षरात 'प्रोव्हायडेड' असं लिहून तारीख टाकलेली होती.

गुरुवारी मॅडम हात धुवायला गेल्या, तेव्हा ती अर्धी झाली होती.