मागची बाजू

तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, याचा देहूच्या आमच्या कंटेनरकाकांना अभिमान आहे. 'प्रती ठेवल्या होत्या का', एवढंच ते हळूच विचारतात.

चाकणच्या कारखान्यांचा माल न्हावाशेव्याहून बोटीवर चढवायचा, त्याची कागदपत्रं काकांनी जन्मभर सांभाळली. निवृत्त झाले, पण खोड राहिली. लग्नपत्रिका असो की वीजबिल, हातात आलं की आधी उलटं करतात. "पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची वकिलाची!"

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे त्यांची बी.एल., हा तर देव्हाऱ्यातला विषय. मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरचा हक्क, तिन्ही एकाच कागदात. मूळ प्रती बहुधा ३. एकीवर माल सोडवला की उरलेल्या दोन रद्दी. सगळ्याच हरवल्या तर बँकेची हमी आणा. "गाथा तेराव्या दिवशी वर आली, बी.एल. येत नाही," असं भर बीजेच्या गर्दीत म्हणतात आणि लगेच देवळाकडे बघून हात जोडतात.

पुतणीच्या बैठकीत त्यांनी व्याह्यांना विचारलं, "रुखवताची जोखीम तुमच्याकडे कधी येणार? टेम्पोत चढल्यावर की तुमच्या दारात उतरल्यावर?" निर्यातीच्या एफओबी सौद्यात माल बोटीवर चढला की विकणारा सुटतो, हेही समजावलं. व्याही चहा तसाच ठेवून उठत होते. काकूंनी पोहे आणले म्हणून सोयरीक टिकली.

पण एकदा त्यांचं ऐकावंच लागलं. वारीत रोटी घाटात दिंडीचा ट्रक चिखलात रुतला. तो हलका करायला वरची तांदळाची पोती खाली टाकली, ती पावसात भिजून गेली. काका तिथेच वही काढून बसले. "तांदूळ एकाचा गेला, सामान सगळ्यांचं वाचलं. वर्गणी काढा!" बोटीवरचा हा जुना कायदा, जनरल अ‍ॅव्हरेज. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांच्याकडूनही खर्चाच्या वाट्याची हमी मागितली गेली. लोक कुरकुरले, पण वर्गणी जमली. ती पोती काकांची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं.

यंदा दिवाळीत जर्मनीतल्या लेकीला फराळ निघाला. निव्वळ वजन, एकूण वजन, सगळं काकांनी टापटीप लिहिलं. खाली एक ओळ होती: 'पाठवणारीच्या सांगण्यानुसार आत चकल्या.'

काकू भडकल्या. "सांगण्यानुसार म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे गं. पण डबा तू भरलास, झाकणही तूच लावलंस. वाहतूकदार आतलं मोजत नाही, म्हणून तसंच लिहितो."

काकूंनी डबा उघडला, दोन चकल्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता वजन बदला."