झाडांची बदली

सरकारी नोकरीत एक जुनी धमकी आहे. साहेबांची मर्जी फिरली की बदली थेट गडचिरोली-चंद्रपूरला. आता ही सोय झाडांसाठीही सुरू झाली आहे.

वर्सोवा-भाईंदर सागरी किनारा मार्गाच्या वाटेत ४५ हजारांहून अधिक तिवरं येतात. ती तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. मग भरपाई? काही तिवरं भाईंदरकडे लावायची आणि बाकी वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात. खाऱ्या चिखलातल्या झाडांची उणीव भरून काढणार उन्हाळ्यात ४५ अंश ओलांडणारा मुलूख. समुद्र तेवढा न्यायचा राहिला.

तिवरं लाटा अडवतात, चिखलात कार्बन गाडून ठेवतात, कोळंबी-चिंबोरीची पिल्लं सांभाळतात. चंद्रपूरचा साग गुणी खरा. पण वर्सोव्याच्या कोळणीच्या पाटीत तो चिंबोरी कुठून टाकणार?

मुंबईने या विषयाचा पेपर एकदा दिलेला आहे. २६ जुलै २००५, सांताक्रूझ, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी नदीच्या काठची तिवरं बुजवून कुठे काय उभं केलं, याची माहिती त्या दिवशी पाण्याने घरोघर जाऊन दिली. माहिती अधिकाराचा कायदा पूर्ण लागू व्हायला तेव्हा अजून अडीच महिने होते.

बदलीचा हा खेळ एकट्या मुंबईचा नाही. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आणि त्याची भरपाई हरियाणात होणार. इंग्रज माणसांना काळ्या पाण्यावर धाडत असत. आपण काळ्या पाण्यावरचं जंगल हरियाणात धाडतो.

याला म्हणतात स्वातंत्र्य.

झाड तोडायचं तर हिशोब नको का? आहे ना. आपल्या राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नाशी ओलांडलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरलं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची असं ठरलं. ऐंशी वर्षांचा वड गेला, तर ऐंशी रोपं. म्हणजे ऐंशी वर्षांचे आजोबा गेले की घरात ऐंशी पाळणे टांगायचे. आता सांगा, गावकीच्या बैठकीला कोणाला पाठवायचं?

जुनं झाड म्हणजे पन्नास वर्षांची मुदत ठेव. हवेतला कार्बन त्याने खोडात, फांद्यांत, मुळांत साठवलेला असतो. झाड तोडून जाळलं किंवा कुजवलं की ठेव मोडली आणि कार्बन परत हवेत. त्या बदल्यात रोप लावणं म्हणजे पतसंस्थेत पिग्मी सुरू करणं. रोज पाच-दहा रुपये, तेही पिग्मी एजंट, म्हणजे पाण्याचा टँकर, वेळेवर आला तर.

पहिल्या उन्हाळ्यातच खातं बंद पडतं.

रोपांवरून आठवलं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीचा महायज्ञ झाला. आधी २ कोटी, मग ४, मग १३, शेवटी ३३ कोटी. देवही तेहतीस कोटीच. २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही नेमली गेली. देवांच्या बाबतीत एवढा अविश्वास अजून कोणी दाखवलेला नाही.

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. खड्डा, रोप, झारी आणि झारीला हात लावलेली सात माणसं, हे फोटो अजून टवटवीत आहेत.

आता कोणी म्हणेल, अहो, देशात जंगल तर वाढतंय! बरोबर. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे वनं आणि झाडं मिळून देशाचा २५.१७ टक्के भाग व्यापतात. आनंद माना, फक्त व्याख्या वाचू नका. एक हेक्टरहून मोठी जागा आणि तिच्यावर किमान दहा टक्के झाडोऱ्याचं छत, की झालं वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कसलं, हे विचारायचं नाही. नारळाची बाग चालते, रबराचा मळाही चालतो.

बिबट्याने ही व्याख्या फारच मनावर घेतली. हिरवं ते जंगल, म्हणून तो जुन्नरच्या उसात राहायला गेला.

उलट जिथे खरोखर झाडं उभी होती, त्या मुंबईतल्या आरेला जंगल म्हणायचं की नाही, यावर कोर्टात खल झाला. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ‘थांबा’ म्हणेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं कोण म्हणतं हो?

थांबायचं कुठे, हे मात्र सरकारला पक्कं ठाऊक आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला २०११ मध्ये. तो पचला नाही, म्हणून २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा आला. त्यावरून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला २०१४ मध्ये आणि सहावा निघाला २०२४ मध्ये. दहा वर्षांत सहा आवृत्त्या! मराठी कादंबरीच्या नशिबी एवढं भाग्य क्वचितच येतं.

डोंगरावरचं झाड मुळांनी माती धरून ठेवतं. झाड गेलं की माती सुटते, ओढ्यातून वाहते आणि धरणाच्या तळाशी जाऊन बसते. मग आपण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढतो. पोकलेन येतो, डंपर येतात, डिझेल जळतं आणि खाली आलेली माती पुन्हा वर शेतात जाते. झाड हेच काम फुकट करत होतं.

तिथेच चुकलं त्याचं. फुकट कामाचं टेंडर कसं काढणार?

पावसाचंही तसंच. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून वाफ सोडतं. ती वाफ वाऱ्याबरोबर जाते आणि भलतीकडे पाऊस होऊन पडते. पश्चिम घाटातल्या जंगलांची ही वाफ तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाला मोठा हातभार लावते, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. कावेरीच्या पाण्यासाठी लवाद नेमला, अधिसूचना काढल्या, बस जाळल्या. वाफेच्या पाण्यासाठी लवाद कोण नेमणार? ढगाला सातबारा नसतो.

दोष सगळा सरकारचाच का? छे. उन्हाळ्यात गाडी लावायला सावली शोधणारा आणि ‘झाडाची पानं गाडीवर पडतात, फांद्या छाटाव्यात’ असा अर्ज देणारा इसम बहुतेक सोसायट्यांत एकच असतो. वर तो लिफ्टमध्ये भेटला की म्हणतो, ‘यंदा फारच उकडतंय, नाही?’

नाशिकला तर कमाल झाली. येत्या सिंहस्थात साधूंची सोय व्हावी म्हणून साधुग्रामासाठी तपोवनातल्या सुमारे १,८०० झाडांवर २०२५ च्या अखेरीस नोटीस लागली. नाशिककर रस्त्यावर उतरले. तप करायला सावली लागते, म्हणून तर ते तपोवन! साधूंना राहायला जागा हवी म्हणून त्यातलं वनच काढलं, तर मागे काय उरणार?

ताप.

लगेच आश्वासनही आलं, की बदल्यात दुसरीकडे कितीतरी पट झाडं लावू. हे ‘दुसरीकडे’ म्हणजे आपल्या पर्यावरणाचं सगळ्यात हिरवंगार गाव. नकाशावर सापडत नाही, पण निम्म्या महाराष्ट्राची सावली तिथे गेलेली आहे.

बदली झालेला कर्मचारी कुरकुरत का होईना, रुजू होतो. झाडाला मात्र रुजावं लागतं. फाइलीत दोघांनाही एकच शिक्का मारला जातो, म्हणून सगळा घोळ. रुजू व्हायला आदेश पुरतो, रुजायला पाऊस लागतो.

आणि पाऊस खात्यातल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्याच तर आपण बदल्या करत सुटलो आहोत.