गच्चीची किल्ली खिशात ठेवणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांना खुले पत्र

सेक्रेटरीसाहेब,



गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही लॉकडाऊनमधले जुने फोटो टाकलेत. खाली लिहिलंत, 'कठीण काळ होता, पण आपण एका कुटुंबासारखे राहिलो. मुलांनी तर घरात धमाल केली.' त्यावर अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. मला जे म्हणायचं आहे ते त्या रांगेत उभं राहून म्हणता येण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. नोटीस बोर्डावरही लावणार आहे. बोर्डाच्या काचेची किल्ली तुमच्याकडेच असते, तेव्हा काचेवर बाहेरून चिकटवेन.

मुलांनी धमाल केली हे खरं आहे. पण त्या धमालीच्या फोटोंखाली तुमची सही नको. ती धमाल करणाऱ्यांच्या डोक्यावर एक कुलूप होतं आणि ते तुम्ही लावलेलं होतं.

आधी तुमच्या कामाची पावती देते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तुम्ही खूप राबलात. ९ मार्चला राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले होते. पुढे रोज शहराचा एखादा भाग पत्रे ठोकून बंद होत होता. रात्री रुग्णवाहिकेचा आवाज आला की चारही विंगांत दिवे लागायचे. त्या दिवसांत तुम्ही भाजीचा टेम्पो गेटपर्यंत आणलात, वॉचमनच्या राहण्याजेवणाची सोय केलीत, दूधवाल्यासाठी गेटबाहेर टेबल मांडलंत. गच्ची, पार्किंग, झोपाळे बंद केलेत तेही तेव्हा बरोबरच होतं. एकाही आईबापाने तक्रार केली नाही. आम्ही दार लावून घेतलं आणि घरात मुलांचं काय करायचं ते बघू लागलो.

देश बंद झाला त्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. गाठी कुठेच मिळाली नाही. आमची धाकटी तेव्हा दुसरीत होती. तिने वहीच्या पानाच्या चकत्या कापल्या, गुलाबी-केशरी रंगवल्या, दोऱ्यात ओवल्या आणि ती गाठी गुढीला चढली. मग हेच चालू झालं. जे नाही ते मुलं करून घ्यायची. पत्त्यांच्या कॅटमधला किलवरचा सत्ता हरवला होता, तर मोठ्याने एका लग्नपत्रिकेतून तेवढाच तुकडा कापून त्यावर सत्ता काढला. आता बदाम सातमध्ये तो पत्ता कोणाच्या हातात आहे हे पाठीवरूनच कळायचं, कारण पाठीवर अर्धा गणपती होता. किलवर अडवून बसण्याची मजाच गेली. त्यावर दोघांनी बराच वेळ भांडून नियम केला की ज्याच्याकडे गणपती येईल त्याने तो पहिल्याच हाताला टाकायचा. आजही आमच्या घरात बदाम सात याच नियमाने खेळतात.

साताऱ्याहून माझे सासरे संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भेंड्या खेळायचे. तिकडचा आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे त्यांचं गाणं येईपर्यंत इकडे दहा आकडे मोजून झालेले असायचे आणि त्यांच्यावर भेंडी चढायची. मोठ्याने न्याय केला: आजोबांसाठी वीसपर्यंत मोजायचं. नाव-गाव-फळ-फूल झालं, सागरगोटे झाले, व्यापाराच्या खोट्या नोटा इस्त्री करून झाल्या. सकाळी आणि रात्री नऊला दूरदर्शनवर जुनं रामायण लागायचं. ते संपलं की आमच्या हॉलमध्ये लाटणं आणि उलथनं घेऊन युद्ध. जुलैत 'सह्याद्री'वर 'टिलीमिली' सुरू झाली. त्यात सांगितलेलं काही ना काही घरातल्या डब्यांतून, डाळींतून, चमच्यांतून करून बघायला मिळायचं. तुम्ही म्हणता ती धमाल ही.

पण साहेब, मूल बसून किती खेळेल? पत्ते आणि भेंड्यांनी दुपार निघते. पाच वाजले की मूल चपला घालून दारापाशी जाऊन उभं राहतं. कुठे जायचं नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी उभं राहतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा हॉल दहा बाय चौदाचा. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बेडरूममध्ये नेला, फरशीवर गोधड्या अंथरल्या आणि त्यावर लंगडी सुरू केली. गोधड्या कशासाठी, तर खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून. तरी ग्रुपवर तुमचा निरोप आला: 'काही सदनिकांमध्ये मुलांच्या उड्यांमुळे इतरांना त्रास होत आहे. पालकांनी समज द्यावी.' समज दिली. लंगडी बंद झाली.

मग जून आला. राज्य सरकारने 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश काढला. ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालणं, धावणं, सायकल चालवणं यांना मोकळ्या जागांत परवानगी मिळाली. त्यात सोसायट्यांची मैदानंही होती. गर्दी करायची नाही आणि मुलांबरोबर मोठं माणूस हवं, एवढ्या अटी. त्याच दिवशी निसर्ग वादळ आलं म्हणून कोणी बाहेर पडलं नाही, पण दोन दिवसांनी तुमचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं. गच्ची सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, विंगवार, मास्क लावून. तळाशी ठळक अक्षरात: 'लहान मुलांना गच्चीवर, पार्किंगमध्ये व जिन्यात सक्त मनाई.'

तुम्हाला विचारायला आम्ही तीन आया आलो होतो. तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर, आम्ही खाली, मध्ये सहा फुटांचं अंतर. तुम्ही केंद्राच्या सूचनांवर बोट ठेवलंत: १० वर्षांखालच्या मुलांनी घरातच राहावं. बरोबर आहे, तसा सल्ला होता. पण त्याच वाक्यात, १० वर्षांखालच्या मुलांच्या आधी, ६५ वर्षांवरच्या माणसांचा उल्लेख होता. तुम्हाला तेव्हा ६७ पूर्ण झाली होती, आणि तुम्ही रोज सकाळी त्याच गच्चीवर चालत होतात. तुम्ही चाललात याचं मला वाईट वाटत नाही. चालायलाच हवं होतं, तुम्हाला साखर आहे. मला राग येतो तो एकाच वाक्याचा अर्धा भाग तुम्ही नोटीस बोर्डावर लावलात आणि अर्धा स्वतःला माफ केलात याचा.

आणि आमचा मोठा? तो ११ वर्षांचा होता. त्याला तर तो सल्लाही लागू नव्हता.

स्पेनमध्ये त्या वसंतात काय हाहाकार चालला होता ते आपण सगळे रोज टीव्हीवर बघत होतो. तिथे मुलं सहा आठवडे घराबाहेर पडली नव्हती. पण २६ एप्रिलला, अजून सगळा देश बंद असताना, तिथल्या सरकारने फिरायला बाहेर पडण्याची पहिली सूट दिली ती १४ वर्षांखालच्या मुलांना. रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, एका मोठ्या माणसाबरोबर. माणसं मरत होती तिथे कोणीतरी मुलांचा तास आठवणीने बाजूला काढला. आपल्या सोसायटीत वेळापत्रक झालं तेव्हा व्यायामाला वेळ होती, कुत्र्यांना फिरवायला वेळ होती, पापड वाळत घालायला रविवारची दुपार होती. तुमच्या कागदावर मुलांसाठी एकही रकाना नव्हता.

आता खरं कारण. ते मला ऑगस्टमधल्या झूमवरच्या मीटिंगमध्ये कळलं. कोणीतरी मुलांचा विषय काढला आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, 'अहो, वर पोरं धावायला लागली की आमच्या बेडरूममध्ये छत हादरतं.' तुमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली. मोठी माणसं सावकाश चालतात, त्यांचा आवाज खाली येत नाही. मुलं धावतात. साहेब, ही अडचण खरी आहे. दुपारी झोपमोड होणं मला समजतं. ते सरळ सांगितलं असतंत तर आम्ही दुपार सोडली असती, धावायचं फक्त टाकीच्या पलीकडच्या बाजूला असं ठरवलं असतं, मुलांनी स्वतःच त्याचा नियम केला असता. बदाम सातचा केला तसा. तुम्ही रोगाचं नाव पुढे केलंत. ज्या रोगाने आपल्या विंगमधले दोघे गेले त्याचं नाव स्वतःच्या दुपारच्या झोपेसाठी वापरलंत. हे मी विसरलेले नाही.

५ ऑक्टोबरला हॉटेलं उघडली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. आपल्या गच्चीचं कुलूप मुलांसाठी तसंच राहिलं. चांगलं जाड, पितळी कुलूप होतं. किल्ली तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, निळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर 'टेरेस' लिहिलेली.

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ तुम्हाला आठवणार नाही. त्या दिवशी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसले. इतके जवळ ते त्याआधी १६२३ मध्ये आले होते, आणि पुन्हा येतील ते २०८० मध्ये. धाकटीच्या बाईंनी ऑनलाइन तासात सांगितलं होतं की सूर्य मावळला की नैऋत्येला बघा, दुर्बीण लागत नाही, क्षितिजाजवळ आहे, लवकर बघा, मावळेल. आमच्या खिडक्या पूर्वेला. समोर दुसरी बिल्डिंग. आपल्या आवारातून नैऋत्येचं क्षितिज दिसतं ते एकट्या गच्चीवरून. स्वच्छ दिवशी तिथून सिंहगडावरचा टॉवर दिसतो त्याच दिशेला. मी तुम्हाला फोन केला. दोन मुलं, मी बरोबर, दहा मिनिटं, कोणी धावणार नाही. तुम्ही म्हणालात, 'एकाला दिलं की सगळे मागतील.'

सगळ्यांनी मागायलाच हवं होतं. सगळ्या मुलांनी त्या संध्याकाळी गच्चीवर असायला हवं होतं.

धाकटीने ते मोबाईलवर बघितलं. त्याच मोबाईलवर, ज्यावर सकाळपासून तिची शाळा भरत होती. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच तास घ्यावेत, असं केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांत जुलैतच सांगितलं होतं. ते कोणी किती पाळलं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. मी इथे एवढंच नोंदवते: चीनमधल्या फेइचेंग शहरात शाळकरी मुलांचे डोळे दर वर्षी तपासतात. २०२० मध्ये मुलं घरात कोंडली गेल्यावर सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचं न दिसणाऱ्यांचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. त्याआधीच्या पाच वर्षांत ते ५.७ टक्क्यांच्या वर कधी गेलं नव्हतं. मुलाच्या डोळ्यांना लांब बघायला मोकळी जागा आणि दिवसाचा उजेड लागतो. आपल्याकडे दोन्ही होतं. चौथ्या मजल्याच्या वर, एका कुलपापलीकडे, फुकट.

पुण्यात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते डिसेंबर २०२१ मध्ये. दुसरीची परीक्षा न देता वर गेलेली माझी मुलगी एकदम चौथीच्या बाकावर जाऊन बसली. एवढा सगळा काळ तिच्या वयाच्या मुलांचं हसणं-खेळणं त्यांच्या घरच्यांनी आणि त्यांनी स्वतः चार भिंतींत निभावून नेलं. ज्या घरांत एकच खोली होती, ज्या घरांत आईबाप दोघेही ड्युटीवर होते, त्यांनीही नेलं. आपल्या वॉचमनची दोन मुलं तर मीटरच्या खोलीशेजारी राहत होती आणि पार्किंगमध्ये त्यांनाही मनाई होती. तुमच्या फोटोंत ती नाहीत.

माफी मागा असं मी म्हणत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. गच्चीची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये राहील. रोज संध्याकाळी पाच ते सात गच्ची मुलांसाठी उघडी असेल, टाकीच्या पलीकडे धावायला परवानगी असेल. आणि पुढे कधी कोणत्याही कारणाने सोसायटी बंद ठेवायची वेळ आली, तर वेळापत्रकातला पहिला तास मुलांचा लिहिला जाईल. इतर सभासदांना माझी विनंती आहे की त्या दिवशी कोरमअभावी सभा तहकूब होऊ देऊ नका, खाली या आणि हात वर करा. आणि सेक्रेटरीसाहेब, सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून तुमचं हवं आहे.

आपली,
बी विंगमधली एक आई