प्रश्न तूच काढ

आपल्याकडचं मूल बालवाडीपासून पदवीपर्यंत एक काम मन लावून करतं, ते म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहिणं. गाळलेल्या जागा भरतं, जोड्या लावतं, कारणं देतं, 'सविस्तर लिहा' म्हटलं की पुरवणी मागतं. प्रश्न येतात कुठून याची त्याला फिकीर नसते. ते बोर्डाकडून नाहीतर विद्यापीठाकडून येतात आणि त्यातले बरेचसे 'अपेक्षित'मध्ये आधीच छापलेले असतात. अशा सुखी जिवाला एक दिवस सांगायचं, की बाळा, यंदा प्रश्नही तूच काढ. तो का पडला ते लिही, आणि उत्तर शोधायला निघण्याआधी कसं शोधणार ते आम्हाला पटवून दे. हाच तो संशोधन आराखडा.

पूर्वी ही वेळ एम.फिल., पीएच.डी.वाल्यांवर यायची. तोवर बहुतेकांची लग्नं झालेली असत आणि सोसायची सवय लागलेली असे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातून चार वर्षांची पदवी आली आणि ही वेळ विशीतल्या पोरांवर आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवले, तर चौथ्या वर्षी संशोधन करता येतं. प्रबंधाला १२ क्रेडिट. म्हणजे ज्यांना उत्तरं उत्तम लिहिता येतात, नेमके तेच इथे येऊन अडकतात.

माझी भाची त्यांतलीच. पुण्यात समाजशास्त्र शिकते. तिने पहिला विषय नेला तो 'महाराष्ट्रातील स्त्रिया आणि बदलती खाद्यसंस्कृती : एक चिकित्सक अभ्यास'. ('एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द मराठी प्रबंधावर लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखे असतात. ते काढायचा धीर कोणाला होत नाही.) तिच्या मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "महाराष्ट्रातल्या किती स्त्रिया?"

"सगळ्या," भाची म्हणाली.

मग विषय आटायला लागला. महाराष्ट्राचं पुणे झालं, पुण्याची एक पेठ झाली. खाद्यसंस्कृती गेली, पोळी-भाजी केंद्रं आली. दर भेटीनंतर ती असा चेहरा करून यायची, जणू मॅडमनी तिची इस्टेट लिहून घेतली. शेवटी म्हणाली, "मावशी, आता माझ्याकडे फक्त पोळ्या उरल्यात!"

पण पोळ्या उरल्या म्हणूनच ती एका केंद्रात जाऊन उभी राहिली. सगळा महाराष्ट्र हाताशी असता तर ग्रंथालयातून हललीच नसती. तिथे चार बायका लाटत होत्या, पोळीमागे पैसे घेत होत्या. त्यांचं लाटणं पाहताना तिला जे सुचलं ते कुठल्याही अपेक्षितमध्ये नव्हतं : या इथे दुपारपर्यंत पेठेच्या पोळ्या करतात, तर यांच्या घरी पोळ्या कोण करतं? हा प्रश्न घेऊन ती मॅडमकडे गेली. त्या दिवशी मॅडमनी काही कापलं नाही.

आराखड्यातला पूर्वसंशोधनाचा आढावा हा भाग मला फार आवडतो. प्रत्येक विद्यार्थी आधी मोठ्या उमेदीने लिहितो, 'या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही.' त्याचा खरा अर्थ, मी अजून कोणाचं वाचलेलं नाही. भाचीला 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध सापडले. मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बायका सापडल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ सापडलं. आपला विषय कोणीतरी आधीच पळवला म्हणून ही रडकुंडीला आली, आणि मॅडम मात्र खूश. आधी कोणी चाललेलंच नसेल, तर वाट विचारायची तरी कोणाला?

मग गृहीतक. इथे आपली मुलं हटकून फसतात, कारण चुकीचं उत्तर म्हणजे शून्य गुण हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. त्यामुळे गृहीतकंही अशी मांडतात की त्यांना कधी खोटं पडता येऊ नये : 'स्त्रिया कष्ट करतात.' मी भाचीला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची गोष्ट सांगितली. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली त्या एम.ए. झाल्या आणि बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. यांच्याच वंशविचारांचा पुढे नाझींनी आधार घेतला. कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल वंशाप्रमाणे बदलतो, हे फिशर यांचं म्हणणं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. तसं काही आढळलं नाही. तसंच लिहिलं, आणि डॉक्टरेट मिळवली. भाचीने हे ऐकून एवढंच विचारलं, "आणि गाईड रागावले नाहीत?" पंधरा-सोळा वर्षांचं शिक्षण या एका प्रश्नात बोलत होतं.

कालावधीचा तक्ता तिने झोकात केला होता. माहिती संकलन, ऑक्टोबर. मॅडमनी विचारलं, "अगं, दिवाळी कधी आहे?" फराळाच्या ऑर्डरी घेतलेल्या बाईला त्या दिवसांत मुलाखत मागायची म्हणजे लाटण्याचा प्रसाद घ्यायचा. तक्ता पुढे सरकला.

मग प्रश्नावली कशी चालते ते पाहायला ती पुन्हा केंद्रात गेली. संमतीपत्र पुढे करताच थोरल्या बाई म्हणाल्या, "सही नंतर. आधी पोळी खा." खाऊन झाल्यावर हिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी महिनोन्महिने कागद झिजवले होते : ताई, तुमच्या घरी पोळ्या कोण करतं?

बाईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "आणि तुमच्या घरी गं?"

"आम्ही केंद्रातून आणतो," भाची म्हणाली.

हे उत्तर आराखड्यात 'व्याप्ती'खाली घालायचं की 'मर्यादा'खाली, यावर सध्या तिची आणि मॅडमची चर्चा चालू आहे.