नानींच्या थोरल्याचं बिल

अहो, ऐकलंत का? नानींच्या थोरल्याच्या गाडीचं बिल किती झालं ते? नाही? सगळ्या आळीला ठाऊक आणि तुम्हालाच नाही! ११,४०० रुपये. नुसत्या सर्व्हिसिंगचे हं. टायर नाही, बॅटरी नाही. आणि त्यातले साडेचार हजार कशाचे, तर इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि तिसरं ते तोंडात न बसणारं... डी-कार्बनायझेशन. नानी पडवीत कांदा निवडत बसल्या होत्या. सूनबाईनं बिल मोठ्यानं वाचलं, तर नानींचा हात जो थांबला तो थांबलाच. म्हणाल्या, "अरे, एवढ्यात युरियाच्या सोळा गोण्या आल्या असत्या!" तो आपला मोबाइलात तोंड खुपसून उभा.

शोरूमचं नाव विचारू नका. पुण्याकडचं आहे, एसी आहे, कॉफी फुकट देतात, एवढं पुरे. तिथं टाय लावलेला एक पोरगा टॅब घेऊन आला म्हणे, "सर, साठ हजार किलोमीटर झाले. आता आतून साफ केलं नाही तर पिकअप जाईल, अ‍ॅव्हरेज जाईल." आता अ‍ॅव्हरेज म्हटलं की आपली माणसं कशी पाघळतात ते काय मी तुम्हाला सांगायचं! याची गाडी आधी लिटरला वीस द्यायची, ती आलेली सतरावर. रोज निमोणे ते रांजणगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन. लगेच मान डोलावली. घरी एक फोनसुद्धा केला नाही. सूनबाईंचा खरा राग त्यावर आहे, पैशांवर नाही... जाऊ द्या, तो निराळा विषय.

तर काय सांगत होते, गाडी आली. चकचकीत धुतलेली, आत अत्तर मारलेलं. आणि अ‍ॅव्हरेज? सतरा! आठवडाभर रोज आकडा बघायचा आणि कुणाला सांगायचा नाही, असं चाललेलं. शेवटी नानींनीच त्याला मिस्त्रींकडे पिटाळलं. आपले मिस्त्री हो, ज्यांनी निम्म्या पंचक्रोशीच्या ट्रॅक्टरचे पंप-नोझल खोललेत. ते आधी तयारच नव्हते. "शोरूमच्या गाडीला मी हात लावीत नाय," म्हणाले. मग चहा झाला, मग बॉनेट उघडलं. टॉर्च मारला आणि नुसते हसले.

"इंजेक्टर काढून धुतले म्हणाले का तुम्हाला?"

"हो, म्हणजे... क्लीनिंग केलंय म्हणाले."

"मंग ह्या बोल्टावरची धूळ कुणी परत आणून बसवली?"

अहो, काय चेहरा झाला त्याचा! तिथं चार माणसं उभी, त्यात आमचे हे पण. घरी आले तेव्हा हसू आवरेना.

आता मिस्त्री माणूस सरळ, खोटं नाही बोलत. ते म्हणाले, न काढताही साफ करायची रीत आहे. पेट्रोलची लाइन सोडवायची, तिथं औषधाची बाटली जोडायची आणि त्याच औषधावर इंजिन चालवायचं. दुसरी रीत त्याहून सोपी, टाकीत बाटली ओतायची, जी तुम्ही-आम्ही घरी शंभर-दोनशेत करू. पण खरी धुलाई म्हणजे इंजेक्टर बाहेर काढायचे, मशिनवर लावायचे, चारी काचेच्या नळ्यांत पेट्रोल सारखं पडतं का बघायचं, फवारा बारीक उडतो की धार लागते ते बघायचं. म्हणजे आधी कळतं की बिघाड आहे का. इथं कुणी बघितलंच नव्हतं. गाडी मिसिंग करत नव्हती, सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची, मीटरवर इंजिनचा दिवा नव्हता. मग धुतलं काय आणि कशासाठी?

आणि एअर फिल्टर! बिलात लिहिलेलं 'चेक्ड'. मिस्त्रींनी काढून दगडावर आपटला, तर कांद्याची सालपटं आणि मुरमाची धूळ पायाशी ढिगानं. टायरमध्ये हवा ३३ पाहिजे, भरली २४. आता सांगा, अशा टायरवर अ‍ॅव्हरेज कुठून येणार?

पण त्यातली खरी गंमत आबांनी सांगितली. साखर कारखान्यातून रिटायर झालेले आबा हो. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या टाकीत आपला ऊसच आहे." पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं ना, ते उसापासनंही करतात. सरकारनं आधी २०३० धरलं होतं, मग २०२५ वर आणलं, आणि झालंही तसं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय म्हणे, जुन्या धाटणीच्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज यानं सहा-सात टक्के उतरेल. थोरल्याची गाडी २०१८ ची. आबांनी पाटीवर हिशेब करावा तसा तोंडीच केला, "विसातले सव्वा-दीड किलोमीटर तिथंच गेले. उरलेल्यातले काही टायरातल्या कमी हवेनं खाल्ले. इंजेक्टर बिचारा फुकट बदनाम." आणि वर आणखी एक. हे इथेनॉल जुन्या टाकीतली घाण सुटी करतं, ती जाऊन पेट्रोलच्या फिल्टरमध्ये अडकते. म्हणजे बघायचं झालं तर आधी तिथं बघा.

नानींना एवढंच कळलं की ऊस आपला, टाकी आपली आणि तोटाही आपलाच. त्या उठून आत गेल्या.

पण थांबा हं. नाहीतर तुम्ही जाऊन सगळीकडे सांगाल, की ही म्हणते क्लीनिंग म्हणजे लुबाडणूक. तसं नाही. मास्तरांच्या गाडीचं ठाऊक आहे ना? डिझेल. इंजिन तर आपल्या रांजणगावातलंच, टाटा-फियाटच्या कारखान्यातलं ते १.३ लिटरचं मल्टिजेट. मास्तरांचं गाडी चालवणं कसं, तर घर ते शाळा, शाळा ते घर, चाळिसाच्या वर काटा नाही. रविवारी फार तर घोडनदीच्या बाजाराला. गाडी काळा धूर ओकायला लागली. करड्याच्या चढाला मागनं बैलगाडी येईल की काय अशी चाल. मास्तरीणबाई लाजेनं पदर डोक्यावर घेऊन बसायच्या, मी डोळ्यांनी बघितलंय.

ती खोलली तेव्हा मीही डोकावले. हवा आत जायचा जो मार्ग असतो ना, मॅनिफोल्ड म्हणतात, तो आतून निम्मा बुजलेला. डिझेलच्या गाडीत प्रदूषण कमी व्हावं म्हणून थोडा धूर परत आत सोडतात, ईजीआर म्हणतात त्याला. त्या धुराची काजळी आणि इंजिनातनं येणारी तेलाची वाफ, दोन्ही एकत्र आली की आपल्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर जसा चिकट थर बसतो ना, तस्सा. मिस्त्रींच्या पोरानं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला, वर्तमानपत्रावर ओंजळभर काळं निघालं. ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच अडकलेला. सगळं धुऊन बसवल्यावर गाडी अशी पळाली की मास्तर न्हावऱ्यापर्यंत जाऊन आले, उगाच, काही काम नसताना! तिथं पैसे गेले ते सार्थकी गेले. मी तर मास्तरीणबाईंना म्हटलं, आता महिन्यातनं एकदा नगर रस्त्याला नीट पळवा हो तिला, नुसती शाळेत नेऊ नका.

डिझेलचा इंजेक्टर म्हणजे मात्र नाजूक काम बरं का. आपल्या टायरात दोन-सव्वादोन बार दाब असतो, त्याच्या पाइपात दीड हजाराच्या घरात. भोकं एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तिथं पाण्याचा थेंब गेला की संपलं. आणि आपल्याकडे काय, ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये आणलेलं डिझेल अडीअडचणीला गाडीत. तो कॅन कालपर्यंत कशाचा होता, देव जाणे! मिस्त्री म्हणतात, फिल्टरच्या बुडाशी स्क्रू असतो, तो सोडून पाणी काढत जा, तेवढं केलं तरी पुष्कळ. आणि डिझेलचा इंजेक्टर इथं उघड्यावर खोलत नाहीत ते. सरळ सांगतात, टेस्टिंगच्या मशिनवर न्या. जुन्या ट्रॅक्टरचं नोझल निराळं, म्हणतात, हे निराळं. पंप-नोझल बनवणाऱ्या मायकोचा शब्द त्यांच्यासाठी प्रमाण. आता बॉश म्हणतात, नाशिकला सातपूरला कारखाना आहे, पण त्यांच्या तोंडी अजून मायकोच.

तर काय सांगत होते... हां, तिसरी गाडी! ती तर तुम्हाला माहीतच असणार, लाल रंगाची, टर्बो. जमिनीचे पैसे आले तशी आली. बापूंचा धाकटा काच खाली करून गावातनं हिंडतो ती. त्यानं काय केलं, थोरल्याचं ऐकून टाकीत दोन बाटल्या ओतल्या. व्हॉल्व्ह साफ होतात म्हणे. तर बापूंचीच पुतणी, ती इंजिनीअरिंगला आहे ना पुण्याला, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तुझ्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही. डायरेक्ट इंजेक्शन आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. टाकीतनं औषध व्हॉल्व्हवर कुठनं पोचणार?" साध्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं, त्यामुळं येता-जाता तो धुतला तरी जातो. हिच्यात नाही. म्हणून अशाच गाड्यांच्या व्हॉल्व्हवर काजळी धरते, आणि ती काढायची तर वरचं सगळं खोलून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा जोरात मारतात. हो, अक्रोड! मीही दोनदा विचारलं. बाटलीनं त्याच्या इंजेक्टरचं टोक साफ झालं तर झालं. धाकट्याचं तोंड गाडीहून लाल. बापू मात्र खूश, पुतणीला तिथंच पाचशेची नोट काढून दिली. आता धाकट्याच्या आईचं आणि पुतणीच्या आईचं बोलणं बंद आहे, ते तुम्हाला हळदीकुंकवाला दिसेलच.

माझं विचाराल तर, बाई, दुखणं असेल तर डॉक्टर. गाडी मिसिंग करते, धूर टाकते, उभी असताना थरथरते, तर स्कॅनर लावा, काढून बघा, हजार-दोन हजार जाऊ देत. काही दुखत नसताना 'साठ हजार झाले' म्हणून धुवायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा चांगल्या पंपावर पेट्रोल भरा. आमच्या थोरल्या जाऊबाईंची लेक अमेरिकेत, ती सांगत होती, तिथल्या एएए नावाच्या मोटारवाल्यांच्या संस्थेनं २०१६ साली तपासलं. साफ ठेवणारं औषध चांगलं घातलेलं पेट्रोल आणि कमी घातलेलं, दोन्हींवर इंजिनं चालवली. सहा-साडेसहा हजार किलोमीटरइतकी चालल्यावर कमी औषधाच्या पेट्रोलनं एकोणीसपट काजळी धरली. एकोणीसपट! आपल्याकडेही ते महागातलं मिळतं ना, पॉवर म्हणा, स्पीड म्हणा. आमचे बंधू तेच भरतात आणि दर वेळी सांगतात की भरलं.

अरे हो, मुख्य राहिलंच की! परवा त्या शोरूममधनं थोरल्याला फोन आला, "सर, फीडबॅक?" फोन चार्जिंगला, तो न्हाणीघरात. उचलला कुणी? नानींनी! त्यांनी काय केलं असेल, तर गाडीबरोबर येतं ना ते पुस्तक, बापूंच्या पुतणीकडनं आधीच वाचून घेतलेलं. साठ हजारांच्या रकान्यात ऑइल आहे, फिल्टर आहे, प्लग आहे, इंजेक्टर धुवायचा असं अक्षर नाही. नानी म्हणाल्या, "पोरा, तू जे साडेचार हजारांचं केलंस ते ह्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे तेवढं सांग, मी चष्मा लावून बसलेय." पलीकडे म्हणे इतकी शांतता, की नानींना वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "आजी, ते ऑप्शनल असतं." "मग ते माझ्या लेकाला का नाही सांगितलंस?" फोन कट!

आता पुढच्या सर्व्हिसिंगला म्हणे नानी स्वतः जाणार आहेत. चष्मा, पुस्तक आणि पुतणी घेऊन. आणि ती फुकटची कॉफीही पिऊन येणार, म्हणाल्या.