अर्थिंग बघा!

बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट तुम्ही उघडता, वाकून आत बघता आणि मान वर करता, तेव्हा पलीकडच्या बाजूनं एक गृहस्थ तितकेच वाकून आत बघत असतात. ते कधी आले, कुठून आले, हे विचारू नये. तुमच्याकडं त्यांना अण्णा म्हणत असतील, मामा म्हणत असतील. आमच्या मोडनिंबला ते बापू आहेत. पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला गाडी अडली रे अडली, की टपरीवरचा एक चहाचा कप हलतो आणि कपापाठोपाठ बापू चालत येतात.

गाड्या दुरुस्त करणं हा बापूंचा धंदा नाही. त्यांची थोडी बोरीची झाडं आहेत, थोडा ऊस आहे आणि बराच मोकळा वेळ आहे. ज्यांचा तो धंदा आहे ते गॅरेजवाले बापू दिसले, की पाना खाली ठेवतात आणि जेवायला निघून जातात.

बापूंचा पहिला प्रश्न गाडीचा नसतोच.

“कुठनं आला म्हणायचं?”

“पुण्याहून.”

“पुण्यात कुठं?”

“हडपसर.”

“हडपसरात आमच्या मेव्हण्याचं पोरगं हाय.” मग त्या पोराची नोकरी, पगार, लग्न न जमण्याची कारणं. तुम्ही उन्हात उभे. पोरगं अजून बिनलग्नाचं आहे हे तुमच्या मनावर नीट ठसलं, की बापू गाडीकडं वळतात. “हां. मारा सेल्फ.”

तुम्ही चावी फिरवायच्या आत बापूंचा पंजा वर गेलेला असतो. सगळ्यांनी गप्प बसायचं. बापू डोळे मिटून ऐकतात. आणि त्यांना ऐकता येतं, हीच खरी अडचण आहे. नाहीतर त्यांना हाकलून देणं सोपं होतं.

बापूंचं शास्त्र असं. सेल्फ मारल्यावर ‘कटकटकटकट’ असं भरभर वाजलं तर बॅटरी उतरली. आतला सोलेनॉइड करंट ओढतो, बॅटरीचा जीव जातो, सोलेनॉइड सुटतो, बॅटरी पुन्हा सावरते, तो पुन्हा ओढतो. एकदाच जोरात ‘कट्’ वाजलं आणि पुढं सामसूम, तर करंट पोचलाय पण सेल्फची मोटर फिरत नाही. तिचे कार्बन झिजलेत, केबल ढिली आहे किंवा इंजिनच जाम आहे. काहीच वाजलं नाही, तर करंट तिथवर गेलेलाच नाही. फ्यूज बघा, रिले बघा, चावीचा स्विच बघा, ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांडा पार्किंगला आहे का बघा. इंजिन घुर्रघुर्र छान फिरतंय पण धरत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका; तेल येत नाही, स्पार्क येत नाही, नाहीतर कॉम्प्रेशन नाही. आणि रोजच्यापेक्षा हलकं, पळाल्यासारखं फिरलं तर चावी काढून खिशात ठेवा. टायमिंग बेल्ट तुटला असेल आणि तुम्ही मारत राहिलात तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळू शकतात.

एवढं सगळं बिनचूक सांगून झाल्यावर, आवाज कुठलाही आलेला असो, बापू डोळे उघडतात आणि निकाल देतात. “अर्थिंग बघा.”

हा निकाल अगदीच वेडगळ असता तरी चाललं असतं. तसा तो नाही. बॅटरीच्या निगेटिव्हची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला बोल्टनं आवळलेली असते. गेलेला करंट त्याच वाटेनं परत येतो. तो बोल्ट गंजला, की हेडलाइटला लागणारे दहाएक अँपिअर कसेबसे पलीकडं जातात, पण सेल्फला इंजिन फिरवायला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते अडतात. मालक म्हणतो, “लाइट तर लख्ख आहे, बॅटरीला काय झालंय?” बॅटरीला काहीच झालेलं नसतं. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि गाडी उचलली, तर दोष अर्थिंगचा. बापूंच्या उभ्या आयुष्यात हे काही वेळा खरं ठरलं आणि तेवढ्यानं माणूस वाया गेला.

कारण आता जगात अर्थिंगशिवाय काही बिघडतच नाही. फ्रीज गार होत नाही? अर्थिंग. धाकट्या जावेनं थोरलीशी बोलणं टाकलं? अर्थिंग. कारखान्यानं उसाचं बिल अडकवलं? अर्थिंग. उजनीचं पाणी कालव्याला सुटलं पण आपल्या फाट्याला आलं नाही, तेव्हा बापू मीटिंगमध्ये उठून म्हणाले, “वरनं सोडत्यात, मग खाली का पोचत न्हाय? मधी कुठंतरी ढिलं हाय. अर्थिंग बघा.” मधली जागा ज्यांची होती ते पुढच्या खुर्चीतून उठून फोन घ्यायला बाहेर गेले. फोन वाजलेला कुणीच ऐकला नव्हता.

एका जानेवारीत माझीच गाडी बोरांच्या बाजारापाशी अडली. हंगाम ऐन भरात, चोहीकडं उमराण आणि चमेली बोरांची पोती, त्यामुळं पंच मंडळही भरगच्च मिळालं. एक म्हणाला, पेट्रोल संपलंय. दुसरा म्हणाला, उंदरानं वायर खाल्ली. तिसऱ्याला फक्त धक्का मारायचा होता. कारण कुठलंही चालेल. बापूंनी पंजा वर केला. आवाज आला एकच, ‘कट्’.

“अर्थिंग बघा.”

टर्मिनल बघितलं, बोल्ट बघितला, सगळं घट्ट. तेवढ्यात एका हमालानं कुणाला न विचारता खाली हात घातला आणि पान्याच्या दांड्यानं सेल्फच्या मोटरवर दोन टोले दिले. झिजलेले कार्बन टोल्यानं घटकाभर टेकतात, ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. लोक बापूंकडं बघायला लागले. बापू शांत. “टोला बसला, अर्थिंग जाग्यावर आलं.”

डिझेलच्या जीपवाल्याचीही तीच गत. त्याचं डिझेल संपलेलं, कॅनमधून आणून ओतलं तरी गाडी धरेना. लाइनला हवा धरली होती. फिल्टरवरचा नट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. तिथल्या एका पोरानं तसं केलं आणि जीप भुर्रकन सुरू झाली. इंजिन पहिल्यापासून छान फिरत होतं. म्हणजे बापूंच्याच शास्त्राप्रमाणं अर्थिंग निर्दोष. मी तसं म्हणालो. बापू म्हणाले, “डिझेलचंबी अर्थिंग असतंय.”

मुळात हा सेल्फ आला कुठून? अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९११ साली विजेवरचा सेल्फ बनवला, १९१२ च्या कॅडिलॅकला तो बसला आणि इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरून मनगट मोडायची भीती हळूहळू गेली. बापूंना हे पसंत नाही. हँडल मारताना अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे ते आजही काठी घेऊन पोरांना शिकवतात. “पण बापू, हँडलच्या गाडीला अर्थिंगची कटकट नव्हती ना?” “स्पार्क पडायला लागतंयच की!” हेही खरं आहे. चिडायचीसुद्धा सोय नाही.

त्यांचे आजोबाही याच वाणाचे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेली. ती मोडनिंबला थांबली, की आजोबा इंजिनापाशी जाऊन ड्रायव्हरला सल्ला द्यायचे, असं बापू सांगतात. वाफेच्या इंजिनाला ते काय बघायला सांगत असतील, हे मी मुद्दाम विचारलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मला टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. आषाढीच्या आदल्या रात्री पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची एक गाडी पावसात आमच्याकडं अडली. म्हाताऱ्या बाया, एक लहान मूल, गॅरेजं बंद. ‘कटकटकटकट’, बॅटरी साफ उतरलेली. धक्का मारायला चिखलात पाय ठरेनात. बापूंनी बायांना घरी नेलं, सुनेला उठवून पिठलं टाकायला लावलं आणि स्वतः ट्रॅक्टरची बॅटरी खोलून खांद्यावर घेऊन आले. लाल केबल लालला, काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीला, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला. कारण जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतनं निघणारा वायू पेट घेतो. गाडी सुरू झाली. भिजून चिंब झालेले बापू माझ्या कानाशी आले. “शेवटचं टोक कुठं लावलं? लोखंडाला. म्हंजे काय लावलं?” त्या रात्री मी मुकाट्यानं म्हणालो, “अर्थिंग.” कुणी पैसे पुढं केले तर बापूंनी ते मागं सारले आणि हडपसरच्या पोराला माउलींसमोर एखादी मुलगी मागा, एवढं सांगितलं.

हल्ली रस्ता चौपदरी आहे. गाडी अडली तर लोक काचा वर करून आत बसतात आणि १०३३ ला फोन लावतात. बॉनेट उघडत नाहीत. उघडलंच तर आत काळ्या प्लॅस्टिकचं झाकण. बापू चहा घेऊन जातात, काचेत स्वतःचंच तोंड बघतात आणि चहा पिऊन परत येतात.

परवा एक तरुण, मित्राची नवी गाडी घेऊन निघालेला. चावी नाही, बटण. दाबतोय, दाबतोय, काही नाही. बापू काचेबाहेर कान देऊन उभे. कट् नाही, कटकट नाही. म्हणजे करंट पुढं गेलेलाच नाही. बापूंनी काच वाजवली. काच चार बोटं खाली आली.

“क्लच पुरा दाबा. मग बटण.”

गाडी चालू झाली. काच वर गेली. गाडी गेली.

टपरीवर आम्ही टाळ्या वाजवल्या, तर बापूंचं तोंड उतरलेलं. “दोन मिन्टात गेला की ओ. कुठला, काय, इचारायचं ऱ्हायलं. चहाबी सांगितला हुता त्याला.”

“पण बापू, आज अर्थिंग नव्हतं हं!”

बापूंनी त्याचा चहा स्वतःकडं ओढला. “ते तर हायेच.”