स्वावलंबी ग्रंथकाराचा जाहीर गौरव

१८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात ग्रंथकारांना पुण्यात मुद्दाम बोलावून एकत्र आणावे लागले होते. आता ते आपणहून येतात, आणि शालही सोबत आणतात.

आमच्या सोसायटीतल्या कवींचेच पाहा. तीनशे प्रती स्वखर्चाने, सभागृहाचे भाडे स्वखर्चाने, प्रमुख पाहुण्यांची रिक्षा (येण्याजाण्याची, वेटिंगसकट) स्वखर्चाने. सत्काराची शाल घरच्या कपाटातली, डांबरगोळीचा वास तेवढा नवा. पाहुण्यांनी “संग्रह अजून वाचायचा आहे” अशी प्रांजळ कबुली देऊन त्यावर चाळीस मिनिटे भाषण केले. वर्तमानपत्रासाठी परीक्षण कवींनीच लिहिले. त्यात स्वतःचा उल्लेख ‘अनपेक्षित प्रतिभा’ असा केला. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, एवढाच काय तो सरकारचा हातभार.

या चोख व्यवस्थेत एकच परावलंबी घटक उरला होता, तो म्हणजे वाचक. तो नकार देऊ शकतो, प्रत उसनी मागतो, क्वचित वाचतोसुद्धा. कवींनी ही त्रुटीही दूर केली. मेहुण्यांच्या हाती रोख पैसे देऊन त्यांना अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पाठवले. पहिली आवृत्ती तीन आठवड्यांत संपली आणि दिवाणात मावली.

दुसऱ्या आवृत्तीचे प्रकाशन येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता, सोसायटीच्या गच्चीवर. बटाटेवडा आहे. लिफ्ट बंद राहील. खाली उतरण्याचा जिना पुस्तकविक्रीच्या टेबलामागून आहे. सुटे पैसे आणावेत.